रात्रीवर सोपवलेला स्वयंपाक

झोपण्यापूर्वी काचेच्या बरणीत मूठभर ओट्स घ्यायचे, त्यावर दूध किंवा दही ओतायचे, झाकण लावून बरणी फ्रीजमध्ये ठेवायची. सकाळी न चूल, न भांडी; चमचा घातला की मऊ लापशी तयार. जगभर या पदार्थाला 'ओव्हरनाइट ओट्स' म्हणतात. अकोला जिल्ह्यातल्या तेल्हाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावीही आता किराणा दुकानाच्या फळीवर, पोह्यांच्या शेजारी, ओट्सचे पाकीट दिसू लागले आहे. ते पाकीट नेमके पोह्यांच्या शेजारी मांडून दुकानदाराने नकळत केवढे शास्त्र सांगून ठेवले आहे, ते पुढे येईलच.

तेल्हारा तालुका सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. उत्तरेला मेळघाटचे डोंगर आणि तिथून उतरणारी वान नदी. दक्षिणेकडे पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, जिथे जमीन काळी कसदार पण विहिरीचे पाणी खारे. मधल्या पट्ट्यात कापूस, तूर, केळी, संत्री. आणि या सगळ्यावर वऱ्हाडचा उन्हाळा, ज्यात पारा ४५ अंश सेल्सियसच्या पुढे जाणे ही बातमी नसते, फक्त नोंद असते. अशा मुलखात 'रात्री भिजवून सकाळी खाणे' ही कल्पना परक्या पाकिटातून यायची गरज नव्हती. इथल्या घरांत रात्री मडक्यात ज्वारीचे पीठ ताकात कालवून ठेवत आणि सकाळी त्याची आंबील होई. तेव्हा प्रश्न असा आहे की भिजलेल्या धान्याचे रात्रीतून नेमके होते काय? ओट्सचे आणि ज्वारीचे एकच होते, की वेगवेगळे?

उत्तर शोधायला आधी ओट्स म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हे पीक ठाऊक आहे, पण माणसाचे अन्न म्हणून नव्हे. रब्बीत सिंचनाची सोय असलेला दूधवाला गडी जनावरांसाठी ओट पेरतो. 'केंट' हा त्यातला जुना नावाजलेला वाण. चाऱ्याच्या गव्हाणीतून ताटात येण्याची ही चढण ओट्सने युरोपातही चढली आहे. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या इंग्रजी शब्दकोशात ओट्सची व्याख्या देताना स्कॉटिश लोकांना चिमटा काढला होता: इंग्लंडात जे घोडे खातात, ते स्कॉटलंडात माणसे खातात, अशा अर्थाचा. मुळात ओट्सची सुरुवातच तणातून झाली. गहू आणि जवाच्या शेतात घुसलेले हे गवत थंड, ओलसर उत्तरेकडे सरकत गेले, तिथे गहू हरला आणि तण जिंकले.

आता पाकिटातल्या चपट्या ओट्सकडे या. शेतातला ओट टोकदार, लांबट, साल घट्ट चिकटलेला दाणा असतो. त्यात एक खोड आहे. इतर धान्यांपेक्षा त्यात तेल जास्त असते, साधारण ७ टक्के, आणि त्या तेलाचे विघटन करणारे लायपेझ नावाचे विकरही दाण्यातच दबा धरून बसलेले असते. साल काढली, दाणा खरचटला की विकर तेलाला भिडते आणि थोड्याच दिवसांत ओट्स खवट, कडवट होतात. म्हणून गिरणीत साल काढल्यावर दाण्याला वाफ देतात, विकर मारतात, आणि वाफेने मऊ झालेला दाणा दोन रुळांमधून दाबून चपटा करतात. अमेरिकेत ओहायो राज्यात १८७७ मध्ये 'क्वेकर' हे नाव न्याहारीच्या धान्यासाठी नोंदले गेले, त्याच काळात ही रुळांची पद्धत रुजत होती. पुढे १९२२ मध्ये दाण्याचे आधी तुकडे करून अधिक पातळ दाबलेले 'क्विक' ओट्स आले.

वाफवायचे आणि दाबायचे. हे वाक्य कोकणात किंवा झाडीपट्टीत धान पिकवणाऱ्या कोणाला ऐकवा, तो म्हणेल, हे तर पोहे. भात गरम पाण्यात भिजवतात, तापल्या वाळूत किंवा कढईत भाजतात आणि मऊ असतानाच कुटून चपटा करतात. उष्णतेने आतला स्टार्च फुललेला, चपटेपणामुळे पाणी आत शिरायची वाट आखूड झालेली. म्हणून पोहे पाण्याखाली धरले तरी मऊ पडतात, आणि ओट्स रात्रभर दुधात राहिले की मऊ पडतात. दोघांनाही आग घराबाहेर, गिरणीत लागून गेलेली आहे. 'न शिजवता खायचा पदार्थ' ही ओव्हरनाइट ओट्सची ख्याती त्यामुळे अर्धीच खरी आहे. शिजवण्याचे काम दुसऱ्याने आधी केले आहे, इतकेच. दुकानदाराची फळी बरोबर होती.

ज्वारीचे तसे नाही. जात्यावरून किंवा चक्कीवरून आलेले ज्वारीचे पीठ कच्चे असते. त्यातल्या स्टार्चचे कण घट्ट बांधलेले असतात आणि ते फुलून चिकट व्हायला साधारण ७० अंशांपर्यंत तापावे लागतात. कितीही तास भिजवा, पाणी कणांच्या भोवती थांबते, गाठोडे सुटत नाही. तेल्हाऱ्याच्या मे महिन्यातले ऊन कितीही मातले तरी मडक्यातले पाणी ७० अंशांना पोहोचत नाही. म्हणून आंबिलीला दोन पाळ्या लागतात: रात्रीची पाळी आणि सकाळची चूल. रात्र पीठ शिजवत नाही. रात्र दुसरेच काही करते.

ते दुसरे काय, हे मडक्याजवळ कान नेला तर ऐकूही येते. पिठात बारीक बुडबुडे धरतात. ताकातले आणि पिठावरचे लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू, लॅक्टोबॅसिलस आणि ल्यूकोनोस्टॉक या कुळांतले, पिठातली थोडीफार साखर खाऊन आम्ल सोडतात. २८-३० अंशांची वऱ्हाडी उन्हाळी रात्र म्हणजे त्यांची सुगीच. आम्ल वाढले की सडवणाऱ्या आणि आजार करणाऱ्या बहुतेक जिवाणूंची तिथे डाळ शिजत नाही. फ्रीज नसलेल्या घरात, उन्हाळ्यात, ओले पीठ रात्रभर उघड्यावर ठेवूनही सकाळी ते खाण्याजोगे राहते ते या पहारेकऱ्यांमुळे. ताकाऐवजी नुसत्या पाण्यात भिजवले तरी आंबते, पण पहारा उशिरा बसतो. जुन्या बाया आदल्या आंबिलीचे थोडे उरवून मडक्यात ठेवत, त्यामागे हेच होते. विरजण लावायचे शहाणपण दुधापुरते नव्हते.

'आंबील' या शब्दातच आम्ल आहे. संस्कृत 'आम्ल', त्यावरून प्राकृत वळणाने आंबिल. जैनांच्या 'आयंबिल' या व्रताचे नाव 'आचाम्ल' या शब्दापासून आल्याचे सांगतात, त्यातही त्याच शब्दाची चव आहे, जरी त्या व्रतात आज आंबट नव्हे तर अलवण, बिनतेलाचे, एका वेळेचे जेवण घेतात. पुण्यातल्या आंबील ओढ्याचे नाव तर सगळ्यांच्या तोंडी आहे. कोल्हापुरात ओढ्यावरच्या रेणुकेची यात्राच 'आंबील यात्रा' म्हणून ओळखली जाते आणि आंबील-घुगऱ्यांचा नैवेद्य दाखवतात. वऱ्हाडात आंबिलीला मान मिळतो तो भाद्रपदात. ज्येष्ठागौरींना इथे महालक्ष्म्या म्हणतात, आणि त्यांच्या ताटात पुरणपोळी, सोळा भाज्या, कढी यांच्या बरोबरीने ज्वारीची आंबील वाढली जाते. घराघरांत रीत वेगळी. कुणी खोबऱ्याचे काप घालते, कुणी गुळाने गोडसर करते, कुणी नुसती मीठ-ताकाची ठेवते. पुरणाच्या राज्यात हे गरिबाघरचे पातळ पक्वान्न बसवलेले पाहून मला नेहमी विदुराघरच्या कण्या आठवतात. कृष्णाने दुर्योधनाची पक्वान्ने सोडून विदुराकडे कण्या खाल्ल्या ही कथा महाराष्ट्रातल्या कीर्तनांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, आणि ऐकणारा वऱ्हाडी माणूस त्या कण्या ज्वारीच्याच समजतो.

कण्या म्हणजे भरडलेली ज्वारी. पिठाची आंबील गुळगुळीत, कण्यांची दाणेदार. साधी कृती अशी. वाटीभर ज्वारीचे पीठ तीन-साडेतीन वाट्या पातळ, आंबटसर ताकात गुठळी न ठेवता कालवायचे. मातीचे किंवा स्टीलचे भांडे घ्यायचे. पितळेला कल्हई नसेल तर त्यात आंबट पदार्थ ठेवू नये, हा जुना नियम विसरायचा नाही. वर फडके बांधून रात्रभर ठेवायचे. सकाळी वरचे पाणी आणि तळाला बसलेले पीठ ढवळून एक करायचे. पातेल्यात दोन वाट्या पाण्याला उकळी आणून त्यात मीठ, ठेचलेला लसूण आणि जिरे टाकायचे, मग एका हाताने धार धरायची आणि दुसऱ्याने ढवळत राहायचे. हात थांबला की गुठळी झालीच. पाच-सात मिनिटांत पांढरट पाण्याला चकाकी येते, पीठ फुलते. तो ७० अंशांचा उंबरठा ओलांडल्याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा. गार झाल्यावर घट्ट होते, तेव्हा पुन्हा ताक घालून हवी तितकी पातळ करायची. सोबत कांदा आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. उन्हात कापसाच्या शेतात जाणाऱ्याला हे पाणीही आहे, मीठही आहे आणि जेवणही.

पोषणाच्या बाजूने पाहिले तर राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांत १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने आणि सुमारे १० ग्रॅम तंतू दिले आहेत, लोह ४ मिलिग्रॅमच्या आसपास. पण धान्यातले लोह कागदावर असते तेवढे अंगी लागत नाही. बी स्वतःसाठी स्फुरदाचा साठा फायटेटच्या रूपात करते आणि हे फायटेट लोह-जस्ताला धरून बसते. आंबवताना आम्लामुळे फायटेझ हे विकर जागे होते आणि ती पकड काही अंशी सैल होते. इथे एक गैरसमज दुरुस्त करायला हवा. ओट्स भिजवले की फायटेट निघून जाते, असे आरोग्याच्या सल्ल्यांत सर्रास सांगतात. ओट्समध्ये मुळात फायटेझ कमी, आणि जे असते ते गिरणीतल्या वाफेने लायपेझबरोबर निकामी होते. मेलेल्या विकराला रात्रभर पाणी पाजून ते उठत नाही. ओट्स भिजवण्याचे कारण मऊपणा, हे प्रामाणिकपणे मान्य करावे.

ओट्सची खरी दौलत वेगळी आहे: बीटा-ग्लुकन. हा पाण्यात विरघळणारा तंतू ओट्समध्ये सुमारे ४ टक्के असतो. भिजल्यावर चमच्याला जो बुळबुळीत ताण येतो तो त्याचाच. आतड्यात हाच लगदा पित्तातली आम्ले धरून बाहेर नेतो. यकृताला नवी आम्ले बनवण्यासाठी रक्तातले कोलेस्टेरॉल वापरावे लागते. रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात जात असेल तर हृदयविकाराचा धोका घटू शकतो, असा दावा पाकिटावर छापायला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये परवानगी दिली. हिशेब केला तर ३ ग्रॅमसाठी कोरडे ओट्स ७५ ग्रॅमच्या घरात लागतात, म्हणजे बरणीतल्या नेहमीच्या अर्ध्या वाटीची जवळजवळ दुप्पट. ज्वारीत हा तंतू नगण्य आहे; तिचे तंतू बहुतांशी न विरघळणारे, खरखरीत. म्हणून आंबिलीला दाणेदारपणा असतो, बुळबुळ नसते. कोण श्रेष्ठ हा वाद घालण्यात अर्थ नाही. दोघांची कामे निराळी.

मग ओट्सची आंबील जगात कुठेच नव्हती का? होती, आणि ज्यांना जॉन्सनने चिमटा काढला त्यांच्याकडेच होती. स्कॉटलंडात ओट्स दळल्यावर कोंड्याला चिकटून राहिलेले पीठ वाया घालवायचे नाही म्हणून तो कोंडा पाण्यात कित्येक दिवस भिजवत. पाणी आंबे, कोंडा गाळून काढत, तळाला पांढरा साका बसे. वरचे आंबट पाणी प्यायचे, साका मीठ घालून शिजवायचा. या पदार्थाला 'सोअन्स' म्हणत, आणि काही भागांत नाताळच्या आदल्या रात्री तो आवर्जून होई. वेल्समध्येही याच धर्तीचा 'लमरी' होता. इंग्रजीत पुढे गोड थरथरत्या पक्वान्नाला 'फ्लमरी' म्हणू लागले ते त्यावरूनच. भिजवणे, आंबवणे, गाळणे, शिजवणे, आणि सणाला मानाने वाढणे: तेल्हाऱ्याची आजी आणि स्कॉटलंडची आजी एकमेकींच्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या असत्या तर भाषेवाचून काही अडले नसते. थंड देशात आंबायला दिवस लागले, वऱ्हाडात एक रात्र पुरली, एवढाच फरक.

आजच्या बरणीचा वंश मात्र सोअन्सपर्यंत जात नाही, तो स्वित्झर्लंडला जातो. मॅक्सिमिलियन बिर्खर-बेनर (१८६७–१९३९) या डॉक्टराने १९०४ मध्ये झ्युरिकजवळच्या टेकडीवर आरोग्यधाम काढले आणि कच्च्या फळांवर भर दिला. त्याची प्रसिद्ध 'म्यूस्ली' आजच्या पाकिटातल्या म्यूस्लीशी फारसे नाते सांगत नाही. माणशी फक्त एक मोठा चमचा ओट्स, तीन चमचे पाण्यात बारा तास भिजवलेले. त्यावर लिंबाचा रस, आटवलेले डब्यातले दूध, आणि सालीसकट किसलेले एक मोठे सफरचंद, वर थोडे दाणे. खरे तर ती सफरचंदाची कोशिंबीर होती, ओट्स नावाला. डब्यातले दूध का? त्या काळी ताज्या दुधातून क्षयाची लागण होण्याची धास्ती होती. बिर्खर-बेनरचे ओट्स पाण्यात भिजत, दुधात नव्हे, आणि तो पदार्थ रात्रीच्या जेवणालाही वाढला जाई. दुधा-दह्यात भिजलेली, फ्रीजमधली, सकाळची बरणी ही त्याची बरीच नंतरची नात.

भारतात रात्रीवर स्वयंपाक सोपवणारे आपण एकटे नाही. ओडिशात भातात पाणी घालून केलेला पखाळ इतका जिव्हाळ्याचा आहे की २० मार्च हा 'पखाळ दिवस' म्हणून पाळतात, जगन्नाथाच्या भोगातही तो असतो. बंगालचा पांता भात २०२१ च्या 'मास्टरशेफ ऑस्ट्रेलिया'च्या अंतिम फेरीत बांगलादेशी वंशाच्या किश्वर चौधरी यांनी परीक्षकांपुढे ठेवला. आसामात पोइता भात, तमिळनाडूत पळय सोरू, कर्नाटक-तेलंगणात नाचणी-ज्वारीची अंबली. भाताच्या प्रांतांत शिजलेले अन्न भिजवतात, ज्वारीच्या प्रांतांत कच्चे पीठ आधी आंबवतात आणि मग शिजवतात. आग आधी की रात्र आधी, एवढ्यावरून नकाशा दोन रंगांत रंगवता येईल. वऱ्हाडातच उन्हाळ्यात ज्वारी दोन-तीन दिवस भिजवून, आंबवून, शिजवून धापोड्या घालतात. त्या वाळवणातही पहिली पाळी रात्रींचीच.

परंतु ओव्हरनाइट ओट्सचे सख्खे वऱ्हाडी भावंड आंबील नव्हे. ते काल्यात सापडते. गावोगावच्या सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते. गोपाळकाल्यात ज्वारीच्या लाह्या, पोहे, दही, लोणचे, मिरची, खोबरे एकत्र कालवतात आणि तिथे चूल कुठेच नसते. लाही म्हणजे तापल्या कढईत १८० अंशांच्या आसपास फुटलेला ज्वारीचा दाणा. आतल्या ओलाव्याची वाफ होते, ती साल फोडते, आणि स्टार्च त्या क्षणात शिजून फेसासारखा फुलतो. म्हणजे लाही ही आधीच आग पाहून आलेली ज्वारी. तिचे पीठ ताक-मिठात कालवले की लगेच खाता येते, आणि आजारातून उठलेल्या माणसाला, लहान मुलाला, उन्हाने तोंडाची चव गेलेल्याला महाराष्ट्रात हेच देत आले आहेत. पोहे, लाह्या, चपटे ओट्स, तिघे एका पंगतीचे. पीठ आणि कण्या दुसऱ्या पंगतीचे.

एवढे कळले की बरणीत काय घालावे हे आपोआप सुचते. 'भारतीय चवीचे' ओव्हरनाइट ओट्स म्हणून हल्ली वेलची, केशर, गुलकंद, हळदीचे दूध घालायच्या कृती फिरतात. वाईट नाहीत, पण ती मिठाईची चव झाली, न्याहारीची नव्हे. वऱ्हाडने या बरणीला द्यायची गोष्ट मसाला नव्हे, आंबटपणा आहे. दुधाच्या जागी ताक घाला.

अर्धी वाटी, म्हणजे ४० ग्रॅम, साधे चपटे ओट्स घ्यावेत. 'क्विक' घेतले तर सकाळी खळ होते. त्यात एक वाटी ताजे पण आंबटसर ताक, चिमूटभर मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, आल्याचा छोटा कीस. ढवळून फ्रीजमध्ये. सकाळी वर घालायची फोडणी तेलाची, तुपाची नव्हे. गार दह्याताकावर तूप गोठून टाळूला चिकटते. मोहरी, हिंग, हिरवी मिरची, गोडलिंबाची पाने, आणि फोडणी निवल्यावरच ओतायची. वरून बारीक कांदा आणि सांबार. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: वऱ्हाडात सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीसोबतचे नव्हे.) काकडी आणि कांदा रात्री मिसळू नयेत. मिठाने काकडीला पाणी सुटते आणि कांद्याचा उग्रपणा सगळ्या बरणीत उतरतो.

जवस हे विदर्भाचे जुने पीक, आणि बरणीत त्याला मोठी जागा आहे. चमचाभर जवस भाजून, भरड कुटून रात्रीच मिसळावे. त्याच्या सालीत चिकट पदार्थ असतो, तो रात्रभरात फुगतो आणि ओट्सच्या बुळबुळीला घट्टपणा देतो. अख्खे जवस घातले तर ते न चावता जातात आणि तसेच बाहेर पडतात. गोड हवे असेल तर जवस आणि किसलेला गूळ ही जोडी दुधातल्या ओट्सला सफरचंद-दालचिनीपेक्षा कितीतरी जवळची आहे, पण गूळ सकाळी घालावा. रात्रभर गूळ राहिलेले दूध कधी कधी फाटते.

फळांच्या बाबतीत तेल्हाऱ्याच्या बागा मोठे प्रलोभन आहेत आणि थोडा धोकाही. संत्र्याच्या फोडी दुधात रात्रभर ठेवल्या तर दूध फुटते. ताकात बिघडत नाही, तरी फोडी सकाळीच घालाव्या. केळे कापून ठेवले की त्यातले विकर हवेशी मिळून गर काळा करते, चव फारशी जात नाही पण रूप जाते. पपई कधीही रात्री घालू नये. तिच्यातले पपेन दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करते आणि सकाळी सगळी बरणी कडू लागते. अननसाचीही तीच कथा. आंब्याचा रस मात्र दुधा-दह्यातही रात्र काढतो आणि सकाळी अधिकच मुरलेला लागतो. वऱ्हाडात रसाचे दिवस येतात तेव्हा ओट्सची बाजू घ्यायला मला एवढे एकच कारण पुरते.

आता सावधगिरीची गोष्ट, कारण इथे आंबिलीचे ज्ञान चुकीच्या ठिकाणी लावले जाऊ शकते. आंबील बाहेर ठेवतात, मग ओट्सही बाहेर ठेवले तर काय होते? दूध घातलेले ओट्स वऱ्हाडी रात्री बाहेर ठेवू नयेत. अन्नसुरक्षेचा साधा नियम सांगतो की ५ ते ६० अंशांमध्ये ओले, नाशवंत अन्न दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. उन्हाळ्यात तेल्हाऱ्याची संध्याकाळ या मर्यादेत बसत नाही. दुधात आम्लाचा पहारा नाही, आणि धान्यासोबत येणारा बॅसिलस सीरियस नावाचा जिवाणू वाफेतूनही बीजाणूंच्या रूपाने वाचतो. फ्रीज ४-५ अंशांवर असेल तर बरणीत कोणीच फारसे वाढत नाही, ना चोर ना पहारेकरी. म्हणूनच फ्रीजमधले ओट्स आंबत नाहीत, नुसते भिजतात. आणि रात्रीतून तासन्‌तास वीज गेली असेल तर दुधाची बरणी सकाळी हुंगून निर्णय घेऊ नये, टाकून द्यावी. ज्या रोगजंतूंची भीती असते त्यांना वास असेलच असे नाही.

खरी आंबवलेली चव हवीच असेल तर स्कॉटिश-वऱ्हाडी मध्यममार्ग आहे. ओट्स आंबट ताकात, झाकून, रात्रभर बाहेर ठेवावेत, पण सकाळी ते उकळावेत, आंबिलीसारखेच. दोन पाळ्या पूर्ण कराव्यात. हे ओट्स ज्वारीपेक्षा लवकर घट्ट होतात, म्हणून पाणी दीडपट लागते, आणि लसूण-जिऱ्याच्या जोडीला त्यांना मिरीची थोडी पूड मानवते. चवीला आंबिलीच्या जवळ जाते, पण ज्वारीचा तो मातकट गोडवा त्यात नसतो.

हा गोडवा पुन्हा मिळवण्याची सोय मात्र आता वऱ्हाडात झाली आहे. गेल्या काही दशकांत कापूस-सोयाबीनने ज्वारीचा पेरा मागे रेटला. १९६४ मध्ये सीएसएच-१ या पहिल्या संकरित वाणाने 'हायब्रीड' हा शब्द घराघरांत पोहोचवला आणि १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेहून आलेली लालसर मिलो लोकांनी नाक मुरडत खाल्ली, तीही ज्वारीच, हे फार थोड्यांना ठाऊक होते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केल्यावर ज्वारीला शहरात पुन्हा भाव आला. अकोल्यात १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, तिथे ज्वारीवर संशोधनाची जुनी परंपरा आहे. आणि किराण्याच्या त्याच फळीवर, पोहे आणि ओट्स यांच्या मध्ये, ज्वारीच्या पोह्यांचे पाकीट येऊन बसले आहे. ओट्स ज्वारीच्या कित्येक पट महाग, आणि ज्वारीचे पोहेही ज्वारीइतके स्वस्त पडत नाहीत, चपटे करण्याची मजुरी आहेच. आग गिरणीतच पाहून आलेले असल्यामुळे या पोह्यांना चूल लागत नाही. ताकात घातले की पातळ पोहे दहा-पंधरा मिनिटांत मऊ पडतात, आणि रात्रभर ठेवले तर पार विरघळून जातात. त्यांच्यासाठी पहाटे उठून ताक ढवळले तरी पुरते.